घराण्याचा अहवाल

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा घराने रीतसर बैठक घेऊन तपासणीचा ठराव केला. तपासणी कुणाची, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. सुनेचं रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीणही घालून झाली. सगळं ठणठणीत निघालं. म्हणून सगळं पुन्हा करण्यात आलं.

नवरा पंपांच्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक. न तपासलेला पंप दाराबाहेर सोडायचा नाही, हे त्याचं ब्रीद. स्वतःच्या तपासणीचा विषय निघाला की मात्र त्याला हटकून फोन येई.

शेवटी डॉक्टरीणबाईच कडाडल्या, "यांचा नमुना आणा, मग पुढचं बोलू. सगळ्यांत सोपी तपासणी ही, पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती."

नमुना गेला. अहवाल उत्तम आला. सासूबाईंनी तो आल्यागेल्याला दाखवला. "बघा, आमच्या घराण्यात खोट नाही!" शेजारणींनी सुनेकडे बघून सुस्कारे सोडले. तीही रात्रभर रडली आणि निमूटपणे इंजेक्शनं टोचून घेऊ लागली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी यांचा ताजा नमुना घेऊन गर्भाशयात सोडू." नवऱ्याचा चेहरा पडला.

संध्याकाळी सून चहा घेऊन खोलीच्या दाराशी आली, तर आत मायलेकांची खलबतं चालली होती.

"आई, मागचा नमुना धाकट्या भावाचा होता. आता गं काय करायचं?"

"मला काय सांगतोस? मीच पाठवलं होतं त्याला. दोन पोरांचा बाप, नापास व्हायची भीती नाही." सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "सोमवारीही त्यालाच धाडू. घरचंच आहे, परकं थोडंच?"

"कुणाला कळणार नाही ना?" नवऱ्याने विचारलं.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ट्रे आदळला. "अहो, न तपासलेल्या पंपावर शिक्का मारला, तर कारखान्यात काय होतं?"

"नोकरी जाते," तो सवयीने बोलून गेला.

"मग सोमवारी तुम्ही स्वतः चला. नाहीतर मी एकटी जाऊन सगळं सांगून येते."

तो गेला. खरा अहवाल आला. सुनेने तो वाचला, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. शेजारणी जिन्यातच आडव्या आल्या, "काय गं, शेवटी दोष कुणात निघाला?"

"औषधं दोघांनाही चालू आहेत," ती म्हणाली. एवढ्यावर कुणाचंच समाधान झालं नाही.

तुमचंही झालं नसेल. अहवालात काय होतं, याचाच अंदाज बांधताय ना? या, बसा. सासूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे.