गोमाभाऊच्या घुगऱ्या

लोक लेकराचं बारसं करतात. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात गोमाभाऊनं लेकराच्या दुखण्याचं बारसं केलं, आणि तेही तीनदा! डॉक्टरनं नवीन नाव सांगितलं की हा गडी हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवायचा आणि घरोघर वाटत सुटायचा. "आजपासून हे म्हनाचं. जुनं बंद."

हा माझा शेजारी. बायको लवकर गेली, मागे एकुलता एक रामदास. रामदास बोलत नसे, हाक मारली तर वळत नसे. पण तलावात जाळं ओढायला लागला की दोन गड्यांचं बळ. तरी त्याला हिस्सा अर्धा. आम्हा ढिवरांची मासळी तलावाच्या काठावरच वाटली जाते. पाण्यात उतरणाऱ्या गड्याला पूर्ण हिस्सा. म्हातारे, विधवा, पोरंसोरं यांची रांग वेगळी, तिथे अर्धा. चंद्रपूरच्या डॉक्टरनं रामदासला 'मतिमंद' म्हटलं, आणि या अकलेच्या कांद्यानं ते स्वतःच घुगऱ्या वाटून गावभर सांगितलं. वाटणी करणारे मुकादम म्हणाले, "मंग डोस्कं अर्धं तं हिस्साबी अर्धा." झालं!

तेव्हापासून त्यानं ध्यासच घेतला. धड नाव मिळालं की हिस्सा पूर्ण होईल, म्हणजे आपल्यामागे पोराला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. नागपूरच्या डॉक्टरनं मतिमंद खोडून 'बालपणाचं वेड' म्हटलं. घुगऱ्या. मुकादम म्हणे, "येड्याले पूर्न हिस्सा? वा रे वा!" काही वर्षांनी आणखी एकानं तेही खोडलं, म्हणे हा ऑटिझम. पुन्हा घुगऱ्या. ढिवरांच्या सभेत कोणीतरी विचारलं, "आटिझम म्हंजे पूर्न का अर्धा?" कोणाच्या बापाला ठाऊक? मग अर्धाच राहिला.

मी वैतागायचो. "अरे, डाक्टर लोक तुले खेळवून राह्यले."

"डाक्टरबी शिकूनच राह्यले ना गा," तो म्हणायचा. तेही माझ्याकडे नाही, कडुनिंबाकडे बघून. गोमाभाऊ कोणाच्याच तोंडाकडे बघून बोलत नसे. एसटीत खिडकीजवळची ठरलेली जागा रिकामी नसली तर गाडी सोडून द्यायचा. लग्नात बँड वाजायला लागला की पत्रावळ उचलून थेट वावरात, तिथे बांधावर एकटा जेवायचा. लोक म्हणत, गोमाभाऊचं असंच आहे.

दोन हजार साल उलटलं तेव्हा तो शेवटचा नागपूरला जाऊन आला. या वेळी घुगऱ्या नाहीत. दार लावून बसला. मग सभेच्या दिवशी उभा राहिला, तलावाकडे तोंड करून.

"डाक्टर म्हने, आता ह्या दुखन्याचा लांब पट्टा केला. ह्या टोकाले न बोलनारे, त्या टोकाले बोलनारे, संसार करनारेबी. मंग मले चार गोष्टी इचारल्या. म्हने, गोमाजी, तुमीबी ह्याच पट्ट्यातले. मले एवढी वर्सं पूर्न हिस्सा देल्ला ना? मंग पोराचाबी पूर्न करा. नाई तं माहा अर्धा करा."

काय हशा पिकला! मुकादम डोळे पुसत म्हणाले, "बस गोमाभाऊ, बस. तुले काई झालं नाई."

पुढच्या वाटणीला त्याच्यापुढे नेहमीसारखा पूर्ण हिस्सा पडला. त्यानं अर्धी मासळी उचलून ढिगात परत टाकली, उरलेली टोपल्यात घेतली आणि म्हाताऱ्या-विधवांच्या रांगेत रामदासच्या बाजूला जाऊन बसला.

माझा जीव तळमळला. पोराचं तर काही झालं नाही, वर आपलंही घालवलं! मी जवळ गेलो. "काऊन केलं असं, गोमाभाऊ? उद्या तू गेला तं ह्याचं कोन?"

तो पाण्याकडे बघत होता. रामदासही तिकडेच बघत होता.

"ते मले नाई समजत," तो म्हणाला. "पन इथी बसलं का बरं वाटते गा. लहानपनीच कोनी सांगतलं असतं, तं कवाच येऊन बसलो असतो."