आमच्या ह्यांचा 'हं'

नारायण पेठेत धनुष्यबाण चालवणारी बावन्न वर्षांची बाई एकच आहे, आणि ती मी! दुसरी असेल तर तिनं पुढं यावं, बिबवेवाडीच्या मैदानावर निकाल लावू. माझं उभं राहणं, माझी ताकद, माझी टोपी, सगळं अव्वल. एकच किरकोळ अडचण होती. समोरच्या फलकाच्या मधला पिवळा गोल दिसला रे दिसला की माझी बोटं फटकन उघडायची आणि बाण माझी परवानगी न घेता निघून जायचा. एकदा तो शेजारच्या बाईंच्या फलकात जाऊन बसला. त्यांनी माझे आभार मानले.

"काकू, ह्याला टार्गेट पॅनिक म्हणतात," अक्षता म्हणाली. ही आमची प्रशिक्षक. विश्रांतवाडीची मुलगी, वय सव्वीस, आवाज मुख्याध्यापिकेचा. "पिवळं दिसलं की तुम्ही घाबरून आधीच रिलीज करता. बोटं उघडायचीच नाहीत. पाठीनं ओढत राहायचं, बोटं सैल पडू द्यायची. बाण सुटला हे तुम्हाला नंतर कळलं पाहिजे."

"आणि ते जमेपर्यंत?"

"तोपर्यंत डिसिजन दुसऱ्याकडे द्या. तुम्ही फक्त ताणून धरा. घरचं कुणीतरी 'हं' म्हणालं तरच सोडायचं, नाहीतर खाली घ्यायचं. तीन आठवडे."

घरचं कुणीतरी म्हणजे आमचे हे. शरच्चंद्र. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेला. आता तराजू नाहीत, म्हणून मी आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्यांनी कशाला चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. शिरा अगदी मनासारखा झाला तर म्हणतात, "खाण्याजोगा आहे." अशा माणसाकडे मी 'हं' मागायला गेले!

दिवाणखान्यात रबरी पट्ट्यावर सराव सुरू झाला. मी पट्टा हनुवटीपर्यंत ताणला.

"अहो, म्हणा ना."

"कोपर दोन मिलिमीटर खाली आहे."

"आता म्हणा."

"मंदा, घाईनं दिलेला शेरा मागे घेता येत नाही."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून गवंड्याची पाणसळ खाली आली. ती माझ्या कोपरावर ठेवून हे आतला बुडबुडा मधोमध येण्याची वाट पाहत बसले. वीस सेकंदांवरून मी पन्नासावर गेले. पंधराव्या दिवशी तळमजल्यावरच्या इंदुबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई, हे कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले," हे म्हणाले. "अजून सरळ होत नाहीये."

संध्याकाळपर्यंत मंदाचा हात आखडल्याची बातमी चौथ्या मजल्यावर पोचली. दोघीजणी तेल घेऊन आल्या, एकीनं हाडवैद्याचा पत्ता आणला. मी खुलासा करायला तोंड उघडलं की हे म्हणायचे, "हनुवटी हलली."

पण उपाय लागू पडला, हे मान्य करते. तिसऱ्या आठवड्यात मैदानावर पिवळा गोल मिनिटभर समोर राहिला तरी बोटं ढिम्म. 'हं' आल्याशिवाय ती हलतच नव्हती. ही शेवटची गोष्ट मी अक्षताला सांगितली नाही.

मग आली निवड चाचणी. पहिल्या चार जणी जिल्ह्याच्या ज्येष्ठ संघात जाणार होत्या आणि त्यांना पाठीवर 'पुणे' लिहिलेला टी-शर्ट मिळणार होता. हसू नका. शाळेत लंगडीच्या संघातसुद्धा मला कुणी घेतलं नव्हतं. मला तो टी-शर्ट हवा होता.

दोरीपलीकडे हे उभे होते आणि शेजारी इंदुबाई, आखडलेल्या हाताची काळजी म्हणून. प्रत्येक बाणाला मागून हलकेच "हं" यायचा आणि बाण पिवळ्याच्या आसपास जायचा. शेवटच्या फेरीत दोन मिनिटांत तीन बाण सोडायचे होते आणि मला एकवीस गुण हवे होते. पहिले दोन आठ-आठचे गेले. म्हणजे आता फक्त पाच! तेवढ्यात पंचांनी मागं वळून एका पाटीकडे बोट दाखवलं. 'प्रेक्षकांनी आवाज करू नये.'

ह्यांनी पाटी दोनदा वाचली. मग हात पाठीमागे बांधले.

मी तिसरा बाण ताणला. पिवळा गोल समोर. मागून काही नाही. खाली घेतला, पुन्हा ताणला. काही नाही. खोकला तरी काढावा माणसानं! अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघरात येऊन मीठ किती घालायचं ते सांगणाऱ्या माणसाला आज नियम आठवला. घरी गेल्यावर ह्यांना काय काय ऐकवायचं, त्याची मी मनात यादी करू लागले. सातव्या मुद्द्यावर होते, तोच बाण गेला. कसा गेला, कधी गेला, देवाला ठाऊक. थेट दहा! त्याच सुमारास वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

"सुटला! मंदाचा हात सुटला!" इंदुबाई ओरडल्या.

अक्षता धावत आली. "काकू, हाच तो रिलीज! काय केलंत?"

पंच इंदुबाईंना गप्प करून वळले. "शिट्टी आणि बाण बरोबरच गेले ना? ठीक आहे, दहा लिहा."

"एक मिनिट," दोरीपलीकडून आवाज आला. "फेरी संपली आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नसावी. मी घड्याळ लावलं होतं. शिट्टी आधी वाजली, बाण दोन सेकंदांनी सुटला."

शिट्टीनंतर बाण गेला तर त्या फेरीतला सगळ्यांत जास्त गुणांचा बाण बाद होतो. माझा दहा गेला. माझा नंबर पाचवा आला.

स्कूटरवर मी ह्यांना न धरता मागं बसले. डोळ्यांत पाणी होतं आणि आठ दिवस अबोला धरायचा हे ठरलं होतं. टिळक रस्त्याच्या सिग्नलला ह्यांनी मान थोडी वळवली.

"बाण उत्तम होता, मंदा."

उत्तम! मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. "खरंच?"

"हो. उशिरा, पण उत्तम."

अबोला अलका चौकापर्यंतसुद्धा टिकला नाही. यादीतले सातही मुद्दे मी विसरले, आणि घरी जाऊन ह्यांना शिरा करून घातला. खाण्याजोगा होता म्हणे.