एकाच ईमेलातले दोन टॉलेफसन

"लोर्ना आहे. तुम्ही नाही आहात," नावनोंदणीच्या टेबलावरची ट्रिशा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली.

ओरिन टॉलेफसनचा पारा सकाळी साडेसातलाच चढला. धनुर्धारी क्लबाचा तो बावीस वर्षांचा सभासद. निशाण्यासाठी जंगलात जागोजागी उभी केलेली फोमची हरणं, अस्वलं आणि तो सांबराहून दांडगा, अवजड मूस, सगळं आदल्या दिवशी त्यानेच खांद्यावर वाहून नेलं होतं. आणि आता हाच म्हणे स्पर्धकांच्या यादीत नाही!

"मी पंधरा दिवसांपूर्वी नाव नोंदवलंय! लोर्नाच्याही आधी!"

"वेबसाइटवर आहे हो. पण तिथली यादी गुणांच्या प्रोग्रॅममध्ये ओढली ना, की तो ईमेलवरून माणूस ओळखतो. तुमचा दोघांचा ईमेल एकच."

"पंचवीस वर्षं एकच आहे! लग्न झालंय आमचं!"

ट्रिशाने ओरिनचं नाव हाताने घातलं, तर लोर्ना गायब झाली. लोर्नाला परत आणलं, तर ओरिन गेला. मागे रांग शेवटच्या पिकअपपर्यंत पोचली.

"मला तिच्यापासून वेगळा काढ!" ओरिनने टेबलावर मूठ आपटली. "ती ती आहे, मी मी आहे!"

"ऐकतेय हं मी," थर्मासमधली कॉफी ओतत लोर्ना म्हणाली.

शेवटी ट्रिशाने तोडगा काढला. लोर्नाचे गुण टॅबलेटवर, ओरिनचे कागदावर. कागद म्हणून ब्राटवर्स्ट सॉसेजच्या कुपनाची मागची बाजू मिळाली.

ओरिनचा संताप नुसता मानापमानाचा नव्हता. साठीपुढच्या गटाचं बक्षीस म्हणजे एक लाकडी टर्की. ती चार वर्षं शेजारच्या व्हर्जिल कुबियाककडे होती, आणि त्या नतद्रष्टाने ती पोर्चवर अशी ठेवली होती की तिची चोच थेट ओरिनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. चार वर्षं ओरिन त्या टर्कीच्या नजरेखाली अंडी खात होता. यंदा तिला घरी आणायचंच, असा त्याने पण केला होता. त्याच गटात लोर्ना आपली पहिल्यांदाच उतरलेली; हिवाळाभर गॅरेजमध्ये काहीतरी ठकठक करायची, एवढंच त्याला ठाऊक.

दिवसभर ओरिन बाण मारत होता आणि तक्रारअर्ज मनात रचत होता. "बावीस वर्षांच्या सेवेची ही किंमत" या वाक्यापाशी तो आला, आणि बाण मूसच्या शिंगांवरून झाडीत गेला. टॅबलेटकडे त्याने बघितलंही नाही. कुपनाला तर हातही लावला नाही. ते लोर्नाच भरत होती.

संध्याकाळी मांडवात पडद्यावर निकाल झळकला. साठीपुढचा गट: पहिला, ओरिन टॉलेफसन. दुसरा, व्हर्जिल कुबियाक.

व्हर्जिलने तोंड वाकडं करून टर्की पुढे केली. "घे बाबा. पण मूसला तुझा बाण लागलेला मी तरी पाहिला नाही."

"जळू नकोस, व्हर्जिल! ट्रिशा, सकाळी मी जरा जास्तच बोललो. प्रोग्रॅम उत्तम आहे हो तुझा!"

ट्रिशा मात्र पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. "एक मिनिट. तुमचे गुण तर अजून माझ्या खिशात आहेत!" तिने चुरगळलेलं कुपन बाहेर काढलं. "निकाल लावताना प्रोग्रॅमने ईमेलवरून पुन्हा वेबसाइटवरचं नाव उचललं. तिथे आधी नोंदवलेले तुम्ही. गुण लोर्नाचे आहेत."

मांडवात हशा पिकला. व्हर्जिल तर खुर्चीला धरून हसत होता.

ओरिनने टर्की छातीशी घट्ट धरली. "अगं, नवराबायकोत तुझं-माझं कसलं? एक घर, एक ईमेल. आपण काय वेगळे आहोत?"

"सकाळी टेबल कोण आपटत होतं रे?" लोर्नाने हात पुढे केला. "आण इकडे."

टर्की शेवटी घरी आली. लोर्नाने ती आपल्या पोर्चवर ठेवली, चोच ओरिनच्या खुर्चीकडे.

जेवण झाल्यावर ओरिन तक्रारअर्ज टाइप करायला बसला, तर प्रोग्रॅमचं पत्र येऊन पडलेलं: "प्रिय ओरिन, पहिल्या क्रमांकाबद्दल अभिनंदन!" त्याने ते दोनदा वाचलं. तक्रार राहू दे, असं त्याला वाटू लागलं. हे छापून व्हर्जिलच्या दारावर चिकटवावं, असंही वाटलं.

पण ईमेल दोघांचा. खाली उत्तर आधीच गेलेलं होतं: "आभारी आहे. ओरिन अजून झाडीत बाण शोधतोय. — लोर्ना."