रॅमने जुळवून घेतले

संस्था वेगामुळे टिकत नाही. सगळ्यांचा वेग एकच असल्यामुळे टिकते. हरवलेल्या वस्तूंचे कार्यालय या तत्त्वावर इतके टिकले होते, की स्थापनेच्या वर्षी जमा झालेल्या छत्र्या अजून तिथेच होत्या (काही उघडतही).

अशा ठिकाणी एक तरुण कारकून लागली. तिला सगळे धाकटी म्हणत. नोकरी तूर्त तात्पुरती होती. मोठ्या साहेबांचा शेरा बरा पडला, तर कायम. आईने शेजारीपाजारी ‘कायम झाली’ असे आधीच सांगून टाकल्याने माघारीची सोय नव्हती.

धाकटीचा कॉम्प्युटर एका नोंदीसाठी एवढा विचार करी, की तेवढ्यात ती स्वतः छत्री मालकाच्या घरी पोचवून येई. शेवटी तिने नवी रॅम (कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीची पट्टी) मागितली. दुरुस्तीवाला आला आणि त्याने जुन्या रॅमशेजारीच नवी खोचली.

“काका, जुनी काढा ना.”

“चालती वस्तू काढता येत नाही, ताई. राहतील दोघी.”

“मग वेग वाढेल?”

“नवीचा घटेल. तिला जुनीच्या चालीनं चालावं लागतं. घेते बिचारी जुळवून.”

मोठे साहेब चहाचा कप घेऊन मागेच उभे होते. जो गुण ते जन्मभर माणसांत शोधत होते, तो एका हिरव्या पट्टीत निघाला! त्यांनी चष्मा काढून पुसला (चहाही गरम होता).

लगेच आदेश सुटला: प्रत्येक कॉम्प्युटरात एक जुनी, एक नवी. दहांपैकी सात कॉम्प्युटर मंदावले. दोन सुरू न होता नुसतेच टीं-टीं करू लागले. त्यांची नोंद ‘चर्चा चालू’ अशी झाली. एक मात्र झटकन सुरू झाला. त्याची चौकशी होणार आहे.

यंत्रांना जे साधले ते माणसांना का साधू नये, म्हणून साहेबांनी धाकटीला बोलावले.

“तुझ्याविरुद्ध तक्रारी आहेत. छत्री हरवल्याचं कळायच्या आत परत येते म्हणतात. लोकांना धड हळहळताही येत नाही!”

“साहेब, पण मालक तर खूश...”

“कायम व्हायचंय ना? मग आप्पांशेजारी बस.”

सर्वांत जुने कारकून आप्पा एका बोटाने टाइप करत, आणि ते बोटही मधल्या सुट्टीत उठून जाई.

“आप्पा, ‘छ’ तुमच्या बोटाखालीच आहे,” धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली.

“असू दे गं. न शोधता सापडला, तर त्याला काम कोण म्हणेल?”

धाकटी हसली आणि तिनेही शोधायला घेतला. आठवड्याभरात तिला तो खरोखरच सापडेनासा झाला. महिनाअखेरीस शेरा पडला: ‘उत्तम जुळवून घेते. कायम करावे.’ आईने शेजाऱ्यांना पुन्हा सांगितले. तेव्हा कुठे त्यांनी पहिल्या खेपेचे अभिनंदन केले.

खरे तर ही गोष्ट पहिल्या दोन वाक्यांतच संपली होती. पण वाचकांत एक जण असे आहेत, की बाकीच्यांना त्यांच्या चालीने न्यावे लागले. नाव सांगणे बरे दिसत नाही. आत्ता कुठे ते या ओळीपर्यंत पोचले आहेत.