तात्यांच्या बागेतून जाणारी सावली

आकाशात विमानाची घरघर ऐकू आली की आमचे तात्या हातातलं सगळं टाकून डाळिंबाच्या बागेकडं धावतात. एकदा तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावले होते. बरं, वर बघतच नाहीत, खाली बघतात. त्यांना विमान नको असतं, त्याची सावली हवी असते.

तात्या म्हणजे निमगाव केतकीच्या शाळेतले माझे जुने सहकारी. मी मराठी शिकवायचो, ते भौतिकशास्त्र. आता दोघंही निवृत्त आहोत आणि वरकुट्याला आमची शेतं बांधाला बांध लागून आहेत. बारामतीची शिकाऊ विमानं अधूनमधून आमच्या डोक्यावरून जातात.

फळ्यावर तिरकं चढणारं विमान काढून तात्या सांगायचे, "पोरांनो, तिरक्याला भ्यायचं न्हाय. त्याच्या वेगात एक आडवा घटक असतो, एक उभा. दोन्ही वेगळं काढा, भ्या जातंय." पुढं ही सवय हाडात मुरली. काकू चिडल्या की ते शांतपणे म्हणतात, "ह्या रागाचा आडवा घटक माझ्याकडं हाय, उभा माहेराकडं."

"भाकरी गार होतीय, आधी तिचा घटक काढा," म्हणत काकू आत जातात.

वैशाखात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आला की विमान चढत असो वा उतरत असो, त्याची सावली आडव्या घटकाच्याच वेगानं पळते. हे तात्यांनी मला इतक्यांदा समजावलंय, की आता मलाही कळल्यासारखं वाटतं. ही सावली मोजायला त्यांनी बागेत तीनशे फुटांच्या अंतरानं चुन्याच्या दोन रेघा मारल्या. चुना बघून गावात बोंब झाली. तासाभरात दहा-बारा शेतकरी बांधावर हजर.

"तात्या, रोड जातोय व्हय हितनं?"

"न्हाय, सावली जातीय," तात्या म्हणाले. मंडळींचा संशय आणखीच वाढला.

मीही याला म्हातारपणाचं खूळ म्हणून हसायचो. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता बारामतीला विमान चालवायला शिकते, हे ठाऊक असूनही हसायचो. तात्या तिकडं कधी फिरकत नाहीत. "मी तितं उभा दिसलो तर पोरीचं ध्यान हालंल," म्हणतात.

यंदाच्या वैशाखात मुक्ता पहिल्यांदाच एकटी लांबच्या फेरीवर निघाली. आमच्यावरून इंदापूरकडं जायचं आणि फिरून परत. त्या दुपारी मी तात्यांजवळ बागेत उभा होतो. डाळिंबाला लालभडक फुलं आली होती. वारा पडला होता आणि उन्हाच्या गुंगीत पानसुद्धा हलत नव्हतं.

"सर, आडव्याचं काय न्हाय, ते मला मोजता येतं," तात्या हळूच म्हणाले. "भ्या उभ्याचं हाय. पोर खाली यायला लागली तर सावलीत दिसत न्हाय."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मग घरघर आली. एक फिकट सावली पहिल्या रेघेवरून आत शिरली, फुलांवरून, ठिबकच्या नळ्यांवरून, तात्यांच्या पांढऱ्या टोपीवरून सरकत दुसऱ्या रेघेपार गेली. दोनच सेकंद लागले असतील, पण मला ती दुपारभर सरकते आहे असं वाटत राहिलं. तात्यांच्या हातातलं स्टॉपवॉच दाबायचं तसंच राहून गेलं होतं.

नंतर ते हललेच नाहीत. काकूंनी तीनदा जेवायला हाक मारली, तिन्ही वेळा त्यांनी नुसता हात हलवला. बऱ्याच वेळानं फोन वाजला. पडद्यावर मुक्ताचं नाव होतं. तात्यांना 'कशी हायस' एवढंसुद्धा विचारता येईना. फोन स्पीकरवर टाकून ते एवढंच म्हणाले,

"मुक्ते, घटक सांग."

"आडवा शून्य, उभा शून्य," पलीकडून पोरगी हसत म्हणाली. "विमान जाग्यावर लावलंय, तात्या. जेवलात का तुमी?"

तात्या मटकन चुन्याच्या रेघेवरच बसले. जन्मभर पोरांना पेपरात शून्य देणाऱ्या या माणसाला शून्यानं रडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझेही डोळे भरून आले. टोपीनं तोंड पुसून त्यांनी घराकडं हाक दिली,

"अगं, वाढ आता. पोर उतरली."