उत्तमराव मातीला हात लावत नसत

उत्तमराव वानखडे यांची टोपी एकदा वाऱ्याने उडून खड्ड्यात पडली. खड्डा छातीइतका खोल. उत्तमराव काठावर उभे, टोपी तळाशी. त्यांनी वाकून पाहिलं आणि काखेतली वही उघडून पुढचं लिहायला घेतलं. चैत्राचं ऊन होतं आणि डोक्यावर केस फारसे नव्हते. मी म्हटलं, उत्तमराव, उतरून घ्या की. त्यांनी मान हलवली. "खड्ड्यात उतरनं चांदभाईकडे. आपल्या रकान्यात नाई ते." खड्डे खणणारे चांदभाई पाणी आणायला गेले होते. ते येईपर्यंत दीड-दोन तास उत्तमरावांनी भर उन्हात बोडक्याने काढले. टोपी वर आली तेव्हा तिला माती लागलेली होती. ती झटकणं कोणाकडे, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी ती तशीच डोक्यावर गेली.

हा माणूस माती पाहण्याच्या नोकरीत होता, हे आता सांगायला हवं. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सरकारच्या मनात आलं होतं की साऱ्या हिंदुस्थानच्या मातीचा एक नकाशा करावा. एवढं मोठं काम एकट्याने कसं होणार? म्हणून वाटणी झाली. दिल्लीकडे रंग आले, नागपूरकडे नावं, अमरावतीकडे कागद आणि अकोल्याकडे खड्डे. कोणत्या मातीला कोणता रंग द्यायचा हे दिल्लीचं ठरेना, म्हणून मातींना काय म्हणायचं हे नागपूर ठरवेना. खड्ड्यांना मात्र कोणासाठी थांबावं लागत नव्हतं. ते रोज पडत होते.

अकोल्याच्या वाट्याची पुन्हा आतली वाटणी होती. शेख चांद यांनी खणायचं, आणि तळाची माती तळहातावर वर धरायची. उत्तमरावांनी ती पाहून जमिनीची प्रत, म्हणजे दर्जा, लिहायचा. आणि मी, अमरावतीच्या राजापेठेत राहणारा, पंचविशीतला, नुकताच चिकटलेला तपासनीस, मी न कळवता येऊन दहातला एक खड्डा तपासायचा आणि अहवाल लिहायचा. कामवाटपाचा हा छापील कागद उत्तमरावांना तोंडपाठ होता. लोक अभंग म्हणतात तसे ते कलमं म्हणत.

खणलेला खड्डा बुजवणं मात्र त्या कागदात कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

त्यामुळे आमची कीर्ती झपाट्याने पसरली. आम्ही गावात शिरलो की बाया ओरडून लेकरं घरात घेत आणि माणसं गुरं बांधून ठेवत. एका माळणीच्या वांग्याच्या वावरात आमच्या खड्ड्यात तिची म्हैस पडली. बाहेर काढायला अर्धं गाव लागलं. त्यानंतर ती बाई कमरेला पदर खोचून आमच्यासमोर उभी राहिली. "माती पाहाले आले का मानसं गाडाले?" उत्तमरावांनी शांतपणे कलम म्हणून दाखवलं. बाई म्हणाली, "हे माह्या वांग्याचं वावर हाये बावा, तुमच्या सायबाची कबर नाई." उत्तमरावांनी तिची तक्रार लिहून घेतली नाही. तक्रार लिहून घेणं माझ्याकडे होतं. मी लिहिली. नागपूरहून उत्तर आलं की बाब विचाराधीन आहे. तोवर बाईने स्वतःच खड्डा बुजवून त्यावर भोपळा लावला होता.

माझीही त्यांनी अशीच शोभा केली. एकदा पूर्णेच्या बाजूला काळ्या चिखलात आमची बैलगाडी रुतली. गाडीवान पुढून बैल ओढतोय, मी मागून चाकाला खांदा लावलाय, आणि उत्तमराव वर बसलेले. मी म्हटलं, जरा उतरता का? ते म्हणाले, "प्रवासाची सोय तपासनिसाकडे, कलम सात." माझे नवे बूट त्या चिखलात राहिले. तेव्हापासून हा माणूस कधीतरी चुकावा आणि नेमका माझ्या डोळ्यांसमोर चुकावा, अशी इच्छा मी मनात धरून होतो. मी तिला कर्तव्यदक्षता म्हणत असे.

अकोल्याला जठारपेठेत त्यांची एक खोली होती. तिथे मी दोनदा जेवलो. डाळीत मीठ नव्हतं. दुसऱ्यांदाही नव्हतं, म्हणून मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, मीठ घालनं बायकोकडे होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. हा किस्सा मी अमरावतीच्या कचेरीत किती वेळा रंगवून सांगितला असेल त्याला गणती नाही. ऐकणारे पोट धरून हसत. त्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं, हे आज मला सांगता येणार नाही.

आता माझ्या कर्तव्यदक्षतेकडे येतो.

एका सोमवारी मी बडनेऱ्याहून पहाटेची गाडी धरली आणि कोणालाही न कळवता सकाळीच अकोल्याजवळच्या एका शेतावर पोचलो. बाभळीच्या आडून पाहिलं तर काठावर चांदभाई मांडी घालून बसलेले, आणि खड्ड्यातून सब्बल, म्हणजे पहार, वरखाली होतेय. सब्बल कोण चालवतंय ते दिसेना. मग एक टक्कल वर आलं. उत्तमराव होते. अंगात बंडी, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, कोपरापर्यंत माती. आणि काठावरून चांदभाई त्यांना झापत होते. "कोपरा सोडून राहिले जी तुमी. असा खड्डा मी खनला असता तं तुमी मले उभं केलं असतं काय?" उत्तमराव मुकाट्याने कोपऱ्याकडे वळले. मग त्यांनी तळाचं एक ढेकूळ वर दिलं. चांदभाईंनी ते चुरलं, अंगठ्याने तळहातावर पसरलं, नाकाशी नेलं. हे सारं करताना त्यांची नजर समोरच्या आभाळाकडे होती. "वरून काळी दिसत असन," ते म्हणाले, "पन पोटात चुनखडी हाये. लिवा." उत्तमराव वर आले, हात धोतराला पुसले आणि त्यांनी ते लिहिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चांदभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा झाला होता. त्यांना खड्डा दिसत नव्हता, मग ते खणणार कसले? कलमांचा जप करणाऱ्या माणसाने आपलं काम त्यांना देऊन त्यांचं काम स्वतः घेतलं होतं.

मी पुढे झालो. उत्तमरावांनी मला पाहिलं आणि चांदभाईंना ऐकू जाणार नाही इतकं बाजूला घेतलं. त्यांच्या तळहातांवर फोड आले होते, काही फुटले होते. आमच्या ओळखीत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं. "त्याले दिसत नाई. हजेरीवरून नाव गेलं तं तो मानूस घरात बसून मरन. माती त्याच्याइतकी कोनालेच समजत नाई, मले तं मुळीच नाई. तुमी आज इथं आले नाई, असं समजा."

आणि मी, चिखलात बूट गमावलेला मी, म्हणालो, "उत्तमराव, पाहणं तुमच्याकडे, तपासणं माझ्याकडे. न पाहिल्यासारखं करणं कोणाच्याच रकान्यात नाही."

फार बरोबर बोललो असं मला वाटलं. उत्तमरावांनाही वाटलं असावं. ते एवढंच म्हणाले, "हाव, ते बी खरं." आणि टोपी घालून वहीकडे गेले.

राजापेठेत येऊन मी चार पानी अहवाल लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. म्हशीच्या तक्रारीवर वर्षभर विचार करणाऱ्या कचेरीने या अहवालावर आठवड्यात निकाल दिला. शेख चांद यांचं नाव हजेरीवरून कमी झालं. उत्तमरावांना ताकीद मिळाली. वरून एक मोठे अधिकारी आले आणि त्यांनी उत्तमरावांच्या वहीतले त्या हंगामाचे सारे खड्डे पुन्हा पाहिले. एकही प्रत चुकलेली निघाली नाही. हे त्यांनी कुठे लिहिलं नाही, कारण त्यांच्याकडे फक्त चुका लिहिण्याचं काम होतं. माझी मात्र पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

त्यानंतर अकोल्याला गेलो की मला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. उत्तमरावांच्या कोटाचे खिसे फुगलेले असत. नवा गडी खणायचा, उत्तमराव काठावरून लिहायचे, सगळं नियमाप्रमाणे. पण निघताना ते वाकून एक ढेकूळ स्वतःच्या हाताने उचलत, कागदात बांधत आणि खिशात टाकत. मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी एका कागदावर त्यांची सही हवी म्हणून मी जठारपेठेत गेलो. खरं म्हणजे सहीची घाई नव्हती. मला माफी मागायची होती आणि सही हे निमित्त होतं. दार उघडंच होतं. आत चटईवर चांदभाई बसले होते, समोर कागदाच्या पुड्यांची रांग. उत्तमराव वही घेऊन शेजारी. पावलांचा आवाज ऐकून चांदभाईंनी विचारलं, कोन?

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. असे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. "तपासनीस आले," ते म्हणाले.

चांदभाई लगबगीने सावरून बसले. "या साहेब, या. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. इतक्या दिवसांचं तपासाचं काम राहून गेलं."

त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू उलगडा झाला. दिल्लीने म्हणे कामाची नवी वाटणी केली होती. खणायचं काम तरण्या गड्यांकडे गेलं होतं आणि हातपारख, म्हणजे हाताने माती ओळखणं, हे नवं खातं उघडून ते चांदभाईंकडे दिलं होतं. वय पाहून सरकारने खोलीत बसून काम करायची मुभा दिली होती. दोन गल्ल्यांपलीकडून त्यांची सून त्यांना रोज इथे आणून सोडायची. उत्तमराव हजेरी मांडायचे. दर एक तारखेला पगारही मिळायचा. तो कोणाच्या खिशातून, हे विचारायची मला गरज नव्हती.

आपलं नाव कमी झालंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कोणामुळे झालं, हेही नव्हतं.

मी चटईवर बसलो आणि पेन्सिल काढली. एकेक पुडी ते सोडायचे, माती चुरून सांगायचे. ही पूर्णेकडली, खारी. ही बरड, हिच्यात ज्वारी बी रुसन. मी प्रत्येक वेळी बरोबर म्हणत गेलो, आणि ते बरोबरच होतं. शेवटी त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, एक बी चूक नाई? मन लावून तपासा जी. तपासनीस चूक काहाडत नाई, म्हंजे काम कच्चं हाये, नाई तं तपासनी."

म्हणून पुढच्या शनिवारी मी एक चूक काढली. एका काळ्या ढेकळाला मी मुरूम म्हणालो. चांदभाई खवळले. मुरूम कधी हातात तरी धरला काय, वह्या धरूनच वय गेलं, असं बरंच काही बोलले. मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले. एका तळहातावर ते ढेकूळ ठेवलं, दुसऱ्यावर मुरमाचा खडा, आणि दोन्ही मुठी आपल्या हातांनी बाहेरून दाबून धरल्या.

"आता सांगा साहेब. कोन चुकलं?"

"मी चुकलो, चांदभाई," मी म्हणालो.

कोपऱ्यात उत्तमराव चहासाठी स्टोव्हला पंप मारत होते. तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.