समुद्राचं चित्र असलेला ट्रक

शनिवारी सकाळी फोन वाजला आणि लोर्ना हॅव्लिकने कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. शनिवारचा फोन म्हणजे कुणाचा तरी सोफा.

"हो हो," डेलमर भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "छे, त्रास कसला! येतो की. कधी येऊ?"

फोन ठेवून बायकोकडे न बघताच त्याने पान्यांची पेटी उचलली.

"आर्लिसची पोरगी जोलीन लिंकनला कॉलेजात चाललीय," तो म्हणाला. "एक पलंग, एक कपाट. किरकोळ काम आहे."

"आणि ट्रकातलं आपलं टेबल?"

"बोल्ट तर काढायचेत. आल्यावर बसवतो परत."

लोर्नाने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात ट्रक उभा होता आणि ट्रकच्या अंगावर समुद्र होता.

सामान हलवणारी एक कंपनी आपले म्हातारे ट्रक लिलावात काढत होती, तिथून त्यांनी तो आणला होता. प्रत्येक ट्रकच्या बाजूवर वेगळं चित्र. डेलमरला बटाट्याचं चित्र असलेला पसंत होता. इंजिन चांगलं, पत्रा शाबूत. लोर्ना मात्र एका गंजक्या ट्रकापाशी जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. त्यावर दीपस्तंभ होता, खडक होते आणि खडकावर फुटणारी लाट होती.

लोर्नाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या गावात, टॅबोर क्रीकमध्ये, पाणी म्हणजे गुरांचं टाकं आणि उंच म्हणजे धान्याचं कोठार. लग्न झाल्यावर समुद्र बघायला ऑरेगनला जायचं ठरलं होतं, तर सुगी आली. मग पोरं झाली. मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं, ते गेले तोवर सासूबाईंनी धरलं. नेब्रास्कापासून समुद्र तसाही लांबच. इथे तो दरवर्षी आणखी एक वर्ष लांब जायचा.

डेलमर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. हाताला कसब होतं. ट्रकच्या खोक्याला त्याने आतून फोम लावला, वर प्लायवूड ठोकलं, भंगारातलं बेसिन आणून बसवलं, शेगडी लावली, बाक केले, टेबल केलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला जो कप्पा असतो त्यात पलंग केला आणि पत्रा कापून गोल खिडकी बसवली. ही लोर्नाची अट होती. उशीवर डोकं टेकलं की पुढचा रस्ता दिसला पाहिजे. मागचं शटर मात्र तिने तसंच ठेवायला लावलं. समुद्राकडे पाठ करून ट्रक उभा करायचा, शटर वर सरकवायचं आणि आत बसून बघत राहायचं.

"बाहेरून रंग मारू," डेलमर म्हणाला होता. "नाहीतर लोकांना वाटेल सामानाचाच ट्रक आहे."

"समुद्राला ब्रश लावलास तर याद राख."

चूक झाली ती इथेच.

त्या मुलखात ज्याच्याकडे ट्रक, तो सगळ्या गावाचा. घर बदलताना त्याला हाक मारायची, दिवसभर राबवायचं आणि संध्याकाळी पिझ्झा खाऊ घालायचा. पैसे द्यायचे नाहीत, तो अपमान होतो. आणि ज्याला हाक मारली त्याने 'नाही' म्हणायचं नाही. टॅबोर क्रीकची माणसं फार भली, असं आसपासच्या गावांत सांगतात. भली कसली, भित्री! 'नाही' म्हणायला जी हिंमत लागते ती यांच्या आज्यांनी युरोपातल्या बोहेमियातून येताना बोटीतच टाकून दिली होती.

जोलीनच्या कपाटासाठी टेबल निघालं. चर्चचा पियानो हलवायचा होता, म्हणून बाक निघाले. फादर स्लावीकना नाही कोण म्हणणार? मग कर्मिट आणि ट्वायला यांचा काडीमोड झाला. आधी तिचं सामान तिच्या बहिणीकडे नेलं, मग त्याचं त्याच्या भावाकडे. मग कळलं की फ्रीज चुकीच्या घरी गेलाय. त्या फ्रीजपायी बेसिन गेलं आणि शेगडीही गेली. बसवायला सवडच मिळेना, कारण आठवडा संपला की पुन्हा शनिवार यायचा. गॅरेजमध्ये अख्खं घर सुटं होऊन पडलं होतं. ट्रकात उरला फक्त वरचा पलंग. आणि लोर्नाला पिझ्झाचा वास आला तरी मळमळायचं.

"डेल," एके रात्री जेवताना ती म्हणाली, "टेबल नको, बेसिन नको. पलंग आहे ना? येत्या शनिवारी निघायचं. मला आता थांबवत नाही रे."

डेलमरने तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज त्याने असा कधी ऐकला नव्हता. "निघायचं," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. लोर्नानेच उचलला.

"लोर्ना, अगं, जोलीन परत येतेय!" आर्लिस ओरडत होती. "खोलीतल्या मुलीशी पटत नाही म्हणे. शनिवारी डेलला पाठवशील ना? आणि तो वरचा पलंग काढून ठेव म्हणावं. या वेळी कपाटं दोन आहेत."

लोर्ना 'नाही' म्हणणार होती. पण तो शब्द काही केल्या ओठांवर येईना. फिरायला चाललोय म्हटलं असतं तर आर्लिस म्हणाली असती, मग पुढच्या आठवड्यात जा. लोर्नाच्या तोंडून दुसरंच निघून गेलं.

"या शनिवारी आम्हीच गाव सोडतोय. ऑरेगनला. कायमचं."

फोन ठेवल्यावर डेलमर तिच्याकडे बघतच राहिला. "हे काय बोलून बसलीस?"

"खोटं बोलले. परत आलो की सांगू, तिकडे करमलं नाही."

शनिवारी उजाडताच अंगणात हॉर्न वाजले. लोर्नाने पडदा सारला. अख्खं गाव आलं होतं. डेलमरने ज्यांची ज्यांची ओझी वाहिली ते सगळे, हातमोजे घालून.

"एवढ्यांचं वाहिलंस," कर्मिट गरजला, "आज तू खुर्चीत बसायचं!"

"अरे, पण आम्ही फारसं काही नेत नाही..."

"गप रे! म्हणे फारसं नाही. सोफा काय इथे सोडणार? चला, उचला!"

आणि उचललं. जेवणाचं टेबल, फ्रीज, सासूबाईंचं घड्याळ, कपडे धुवायचं मशीन. ज्या खुर्चीत डेलमरला बसवलं होतं तीही त्याला उठवून नेली. कर्मिट आणि ट्वायला काडीमोडानंतर एकमेकांशी बोलत नव्हते; त्यांनी एकच गादी दोन टोकांनी धरून एक चकार शब्द न काढता ट्रकात नेली. फादर स्लावीक दिवे उतरवत होते.

"वरचा पलंग काढू का?" कर्मिटने आतून विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही!" लोर्ना अशी किंचाळली की सगळे थबकले.

पलंग वाचला. त्यावर सगळ्या खुर्च्या रचल्या आणि गोल खिडकीला गादी लागली.

जागा उरली नाही तेव्हा सोफा शटरच्या तोंडाशी कसाबसा बसवला. फादरनी प्रार्थना म्हटली. आर्लिसने चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं मोठं काचेचं भांडं लोर्नाच्या हातात दिलं.

"खाली माझ्या नावाची पट्टी आहे हं, परत दे," ती सवयीने म्हणाली आणि मग हुंदका देऊन तिने लोर्नाच्या गळ्यात हात टाकले. "जाऊ दे. राहू दे तुलाच. आता कुठली परत येतेस तू!"

त्या गावात माणूस एक वेळ मूत्रपिंड देईल, भांडं देणार नाही. लोर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण खरं सांगायलाही तीच हिंमत लागते, जी बोटीत राहिली होती.

ट्रक निघाला. मागे गाव हात हलवत उभं होतं. महामार्गाच्या फाट्यावर डेलमरने गाडी थांबवली.

"कोठाराला वळसा घालून गुपचूप घरी जायचं का?"

"आणि फ्रीज उतरवायला कुणाला बोलावशील?"

डेलमरने विचार केला. ज्याला बोलवावं तो मागे रुमालाने डोळे पुसत उभा होता.

"समुद्र कुठल्या बाजूला?" लोर्नाने विचारलं.

"डावीकडे."

"मग थांबलास कशाला?"

वाटेत वायोमिंगभर ते बटाटे खात राहिले. झोपले पुढच्या सीटवर बसल्या बसल्या, कारण पलंगावर खुर्च्या झोपल्या होत्या. वाऱ्याने ट्रक हलला की मागे सासूबाईंचं घड्याळ ठण ठण वाजायचं.

ऑरेगनच्या किनाऱ्यावर डेलमरने ट्रक उलटा लावला, मागे जाऊन शटर वर सरकवलं आणि लोर्नाला हात देऊन चढवलं. दोघं सोफ्यावर बसली.

"चित्रात निळा होता," डेलमर म्हणाला.

इतकी वर्षं तिने मनात बाळगलेला समुद्र गप्प होता. हा राखाडी होता, गार होता, ओरडत होता आणि कुणाचीच भीड धरत नव्हता. तिने डेलमरचा हात असा घट्ट धरला की त्याच्या बोटांना कळ लागली. त्याने सोडवून घेतला नाही.

"अहो!" खालून एक बाई हाका मारत होती. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते. "सामान उतरवलं की ट्रक मोकळा आहे का? आमचं थोडंसंच आहे, पलीकडच्या गल्लीत न्यायचंय. पिझ्झा आमच्याकडून!"

"हो हो, त्रास कस..."

लोर्नाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," असं म्हणून बाई निघून गेली.

लोर्ना तिच्या पाठीकडे बघत राहिली. एवढंच होतं? एवढ्याशा शब्दासाठी आपण सगळी उमर त्या कोरड्या गावात बसून काढली? तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

मग ती खाली उतरली आणि आर्लिसचं भांडं लाटेत धुऊन आली. उलटं करून पाहिलं. पट्टी चिकटलेलीच होती.

"हे परत द्यायला लागेल, डेल."

"हो. पण रिकामं कसं देणार?"

"रिकामं नाही देता येत."

तिने वाकून भांडं ओल्या वाळूने काठोकाठ भरलं आणि मांडीवर घेऊन पुन्हा सोफ्यावर बसली.

"मग निघायचं कधी?" डेलमरने विचारलं.

"बघू," लोर्ना समुद्रावरची नजर न काढता म्हणाली. "पण शनिवारी पोचायचं नाही."